नोंद आणि स्वामित्व : भंडारा जिल्ह्यातील मालगुजारीचा दाखला

जमिनीची नोंद मालकीचे रक्षण करते, असे आपण म्हणतो, तेव्हा मालकी आधी आणि नोंद नंतर हा क्रम गृहीत धरलेला असतो. भंडारा जिल्ह्याचा महसुली इतिहास या गृहीताविषयी शंका उत्पन्न करतो.

नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीत गावचा पाटील सारा वसूल करून सरकारात भरीत असे. गाव विकण्याचा अधिकार त्यास सामान्यतः नव्हता. १८५४ मध्ये राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांताची रचना झाली, आणि त्याच दशकातील जमाबंदीत अशा पाटलांना गावांचे स्वामित्व बहाल करण्यात आले. 'मालगुजार' हा शब्द फारसी आहे. त्याचा अर्थ 'सारा भरणारा' एवढाच. त्यास मालक केले ते नोंदवहीने.

मात्र त्याच दप्तरात मालगुजाराच्या हक्कास मर्यादाही घातल्या गेल्या. आपापल्या शेतापुरते मालक असलेले 'मालिक-मकबुजा' निराळे नोंदले गेले. जुन्या कुळांना संरक्षण मिळाले. आणि गावाचे रीतिरिवाज 'वाजिब-उल-अर्ज' या लेखात उतरविले गेले. भंडाऱ्यासारख्या तलावांच्या प्रदेशात या लेखाचे महत्त्व विशेष होते. भातशेती तलावाच्या पाण्यावर अवलंबून असल्यामुळे तलाव कोणाचा, याइतकाच पाणी कोणास, हाही प्रश्न जिव्हाळ्याचा होता.

१९५० च्या कायद्यान्वये ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपुष्टात आली. घरची शेती मालगुजारांकडे राहिली. पडीत जमीन, जंगल आणि बहुतेक तलाव शासनाकडे गेले. 'माजी मालगुजारी', म्हणजे लोकांच्या तोंडी 'मामा' तलाव, या नावात तेवढी जुनी मालकी उरली. एका नोंदीने दिलेले स्वामित्व दुसऱ्या कायद्याने घेतले. परंतु गावकऱ्यांचा निस्तार संपला नाही. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमात विदर्भासाठी निस्तारपत्रकाची आणि वाजिब-उल-अर्जाची तरतूद कायम राहिली. निस्तारपत्रक हे गावच्या बिनभोगवट्याच्या जमिनीविषयी असते. वाजिब-उल-अर्जात खाजगी जमिनीवरील व पाण्यावरील सिंचन, वाट आणि मासेमारी यांचे रिवाज लिहिले जातात. म्हणजे मालकाचे नाव एका कागदावर, तर त्याच्या मालकीची मर्यादा दुसऱ्यावर.

येथे आणखी एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. १९०८ च्या नोंदणी अधिनियमान्वये नोंदला जातो तो दस्त; विकणाऱ्याचे स्वामित्व खरे आहे, याची हमी त्यातून मिळत नाही. अधिकार-अभिलेखातील नोंदही विरुद्ध पुरावा येईपर्यंतच खरी मानली जाते. नोंद म्हणजे हक्क नव्हे; ती पुराव्याचा भार कोणी वाहावयाचा, हे ठरविते. हा भार लहान नाही. ज्याची वहिवाट जमाबंदीच्या अंमलदाराने लिहून घेतली, त्याच्या नातवाला कागद दाखविता आला. ज्याची लिहिली गेली नाही, त्याला पिढ्यान्‌पिढ्यांचा वापर सिद्ध करावा लागला.

२००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्कांत 'निस्तार' हा शब्दच स्वीकारला, आणि त्याच्या नियमांनी वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले निवेदनही पुरावा म्हणून मान्य केले. भंडाऱ्याच्या दप्तराचा बोध हाच आहे : नोंद रक्षण करते ते तिने ज्याला शब्द दिला त्याचे. म्हणून जमिनीच्या इतिहासाच्या अभ्यासकाने नोंदीत कोण आहे, याबरोबरच कोण नाही, हेही वाचावयास हवे.