३८६ ची खोली

१९९१ चा सप्टेंबर. अप्पा बळवंत चौकातून घेतलेलं टॅननबॉमचं पुस्तक तुमच्या पिशवीत आहे. प्रेन्टिस-हॉलची स्वस्त आवृत्ती. मागच्या पानांत मिनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा कोड छापलाय, सुमारे १२ हजार ओळी. रोज पीएमटीत बसून वाचलीत तर दिवाळीपर्यंत संपेल. याच महिन्यात तिकडे हेलसिंकीत लिनस टोरवाल्ड्स नावाचा विद्यार्थी स्वतःचं कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, लोकांपुढे ठेवतोय. साधारण १० हजार ओळी, आणि लिहिलंय ३८६ प्रोसेसरसाठी. तुम्हाला याची गंधवार्ता नाही.

बसमधून उतरून तुम्ही विद्यापीठाच्या आवारात शिरता. सी-डॅकच्या दारात कोणी अडवत नाही. भूतकाळातल्या पाहुण्याला पास लागत नाही. समोर 'परम ८०००' हा महासंगणक आहे, आत टी-८०० ट्रान्सप्युटर चिप्स. या चिपची गंमत अशी, की एका प्रोग्रामचं काम थांबवून दुसऱ्याला कधी पाळी द्यायची हे चिपच ठरवते. एरवी त्यासाठी कर्नलमध्ये शेड्युलर लिहावा लागतो. इथे तो सिलिकॉनमध्येच कोरलेला. तेवढ्या ओळी लिहायच्या वाचल्या म्हणून तुम्ही खूश होता. पण थोडं थांबा. पुढे ट्रान्सप्युटरची नवी पिढी रखडते, आणि १९९८ चा 'परम १००००' सनच्या अल्ट्रास्पार्क प्रोसेसरवर उभा राहतो. पाळी लावण्याचं काम पुन्हा सॉफ्टवेअरच्या गळ्यात. गुंतागुंत संपली नव्हती, बिऱ्हाड बदलून राहिली होती.

आता १९९६. सदाशिव पेठेतला वाडा, जिन्याखालची भाड्याची खोली, टेबलावर ४८६. 'पीसी क्वेस्ट'बरोबर आलेल्या सीडीवरून तुम्ही टोरवाल्ड्सचं ते कर्नल, म्हणजे लिनक्स, टाकलंय. कर्नल आता तीन लाख ओळींच्या पुढे गेलंय. तुम्ही 'मेक कॉन्फिग' चालवता आणि ते चौकशी सुरू करतं: हे कार्ड हवं? ती फाइल सिस्टिम हवी? हावरटासारखं सगळ्याला 'वाय' दाबत सुटता. मग तासन्‌तास कंपाइल. बाहेरून घरमालकांचा आवाज येतो, "काय हो, रात्रभर दिवा जळतोय, बिल कोण भरणार?"

पहाटे पडद्यावर उत्तर येतं: सिस्टिम फार मोठी झाली. तयार कर्नलला जागा जेमतेम अर्ध्या एमबीची. निमूटपणे पुन्हा पहिल्या प्रश्नापासून. साउंड कार्ड नाही, 'एन'. स्कझी नाही, 'एन'. या वेळी मशीन सुरू होतं. सीडीवरच्या तीन लाख ओळी जागच्या जागी आहेत; तुमच्या वाट्याला आल्या त्या तुम्ही 'हो' म्हणालात तेवढ्याच.

हीच खूणगाठ घेऊन २०२५ मध्ये या. हिंजवडीतल्या ऑफिसात खिडकीखाली ट्रॅफिक तुंबलंय. तुम्ही लिनक्स कर्नलच्या ओळी मोजायला लावता: चार कोटींच्या घरात. पानाला ५० धरल्या तरी आठ लाख पानं. पोटात गोळा येतो. मग उकलून बघता. एकट्या एएमडीच्या ग्राफिक्स ड्रायव्हरच्या ५० लाखांहून जास्त ओळी, आणि त्यातला मोठा भाग म्हणजे यंत्राने काढलेली रजिस्टरांची यादी. टेलिफोन डिरेक्टरी जाडजूड असते, अवघड नसते.

मग अवघड काय? त्यासाठी एक शेवटची उडी, २०१२ च्या डिसेंबरात. कर्नलमधून एक जुना तुकडा काढला जातोय. ओळी थोड्याच. पण त्या ज्या चिपसाठी होत्या तिला नव्या प्रोसेसरांच्या काही सूचनाच कळत नसत. त्यामुळे अनेक प्रोसेसरांनी एकाच वेळी काम करताना एकमेकांच्या पायात येऊ नये, या व्यवस्थेत काही बदलायचं म्हटलं, की दर वेळी या चिपसाठी पळवाट ठेवावी लागे. लाखो ओळींच्या डिरेक्टरीने दिला नाही एवढा त्रास या मूठभर ओळींनी वर्षानुवर्षं दिला.

ती चिप म्हणजे ३८६. जिच्यासाठी १९९१ मध्ये हा कर्नलचा वाडा बांधला, तिचीच खोली २०१३ मध्ये आलेल्या ३.८ आवृत्तीत पाडली.