जुनी मोटार, नवें इंजिन आणि टर्बो

आजच्या माझ्या भाषणाचा विषय जुन्या मोटारींच्या भागांची अदलाबदल हा आहे. आयुष्यभर शाळेंत इतिहास शिकविलेल्या माणसानें मोटारीविषयीं काय सांगावें, असा प्रश्न आपल्या मनांत येणें साहजिक आहे. परंतु आपल्या मुलखांतील अडचणींस माणसानें कसें तोंड दिलें, हाहि इतिहासच होय. आणि आमच्या धाराशिव जिल्ह्यांत हा इतिहास दफ्तरांपेक्षां गॅरेजांतच अधिक सांपडतो. शिवाय ह्या विषयांत माझा स्वतःचा एक अपराध गुंतलेला आहे. तोहि मी आज सांगणार आहें.

आमचा जिल्हा बालाघाटाच्या पठारावर पसरलेला आहे. सोलापुराहून तुळजापुरास येणाऱ्यास घाट चढावा लागतो. बार्शीकडून येडशीस येतांनाहि चढच आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप ह्या इंग्रज इंजिनियराची बार्शी लाइट रेल्वे १८९७ सालीं सुरू झाली, व कसबे तडवळ्यावरून ती १९११ सालीं लातुरास पोंचली. तिच्या दोन रुळांतील अंतर अवघें अडीच फूट. धाराशिव शहरास मोठ्या रेल्वेचें स्थानक मिळण्यास तर २००७-०८ साल उजाडावें लागलें. तुळजापूर, नळदुर्ग, उमरगा ह्या गांवांचा सारा व्यवहार बैलगाडीवर व पुढें मोटारीवरच चालत आला.

हा प्रदेश त्या काळीं हैदराबाद संस्थानांत होता. निजाम स्टेट रेल्वेनें जून १९३२ मध्यें आपलें मोटार खातें सुरू केलें, तेव्हां त्याच्यापाशीं २७ गाड्या व १६६ नोकर होते. त्यांच्या आल्बियन मोटारी स्कॉटलंडांत बनलेल्या असत. अशा गाडीचा एकादा भाग मोडला म्हणजे दुसरा समुद्रापलीकडून यावयाचा. तोंवर गाडी उभी ठेवणें कोणास परवडणार? म्हणून लोहार, सुतार व लेथवरचा कारागीर ह्यांनीं मिळून त्या भागाची नक्कल करावी, किंवा दुसऱ्या जातीच्या गाडीचा भाग घासूनपुसून बसवावा, अशी रीत सर्वत्र पडली. गरजेनें लावलेलें हें वळण पुढें कायम झालें.

दुसऱ्या महायुद्धानें त्यांत भर घातली. १९४१ पासून पेट्रोलवर नियंत्रण आलें आणि कित्येक मोटारींच्या मागें कोळशाच्या गॅसचीं उभीं पिंपें दिसूं लागलीं. पिंपांत लोणारी कोळसा अपुऱ्या हवेंत धुमसवावयाचा, त्यांतून निघणारा वायु गाळून इंजिनांत सोडावयाचा, अशी ती युक्ति होती. गाडी चाले, परंतु तिचा दम बराच कमी होई. घाट लागला म्हणजे उतारूंनीं खालीं उतरावें व वेळप्रसंगीं मागून रेटावें, असें माझे वडील सांगत. इंजिन तेंच, गाडी तीच. आंत जाणारा वायु बदलतांच शक्ति बदलते, हा धडा त्या पिढीच्या ड्रायव्हरांनीं पुस्तकावांचून शिकला.

युद्ध संपल्यावर लष्कराच्या जुन्या गाड्या लिलांवांत निघाल्या. सोलापुरांत जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली होतीच. १९४९ सालीं मुंबईस महिंद्र कंपनी विलायती सुटे भाग जोडून विलिस जीपा तयार करूं लागली. ही जीप आमच्या खडकाळ वाटांना मानवली. परंतु तिचें पेट्रोल इंजिन फार खादाड. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोलचे भाव कडाडले, आणि पेट्रोलचें इंजिन उतरवून त्या जागीं डिझेलचें चढविण्याचा उद्योग गॅरेजांतून सुरू झाला.

हें काम दिसतें तितकें सोपें नसे. इंजिन व गिअरबॉक्स ह्यांच्या तोंडांचीं भोकें जुळत नसत, म्हणून दोहोंमध्यें लेथवर कातलेली एक जाड तबकडी बसवावी लागे. डिझेल इंजिन वजनानें जड, म्हणून पुढच्या कमानींत एक पाटा वाढवावा लागे. त्याचे फेरे कमी, म्हणून मागील क्राउन-पिनियनच्या दातांचें प्रमाण बदलावें लागे. न बदलल्यास गाडी ओढी, पण वेग धरीत नसे. चांगला मिस्त्री हें सर्व पाहीच. पुढें महिंद्रांनीं १९७९ सालीं पेजो ह्या फ्रेंच कंपनीशीं करार करून डिझेल इंजिनें बनविलीं, व पुण्याच्या बजाज टेंपोनें मर्सिडीझच्या २·४ लिटर इंजिनाचा परवाना घेऊन तें ट्रॅक्स गाडींत घातलें. मिस्त्र्यांनीं जें घरगुती रीतीनें केलें, तेंच कारखान्यांनीं हिशेबानें केलें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

आतां टर्बोकडे वळूं. इंजिनांत इंधन जाळावयास हवा लागते, आणि जितकी हवा आंत शिरेल तितकेंच इंधन नीट जळूं शकतें. इंजिनांतून बाहेर पडणाऱ्या तप्त धुरांत पुष्कळ जोर शिल्लक असतो. त्या जोरावर एक लहान चक्र फिरवावयाचें, व त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्रानें बाहेरची हवा दाबून इंजिनांत भरावयाची, हें टर्बोचें तत्त्व होय. हीं चक्रें मिनिटास लाखाच्या घरांत फेरे घेतात, आणि तो दांडा तेलाच्या एका पातळ थरावर तरंगत असतो.

ह्या कल्पनेचें पेटंट स्विस इंजिनियर आल्फ्रेड ब्यूखी ह्यानें १९०५ सालीं घेतलें. १९१८ सालीं अमेरिकेंत सॅनफोर्ड मॉस ह्यानें पाइक्स पीक ह्या डोंगरावर, १४,००० फुटांहून अधिक उंचीवर, विमानाच्या इंजिनास टर्बो जोडून त्याची परीक्षा घेतली. विरळ हवेंत इंजिन गुदमरतें, त्यावर त्यास उपाय हवा होता. १९३८ सालीं स्वित्झर्लंडांत साउरर कंपनीनें टर्बोचा ट्रक काढला. प्रवासी मोटारींत टर्बो आला तो १९६२ सालीं, अमेरिकेंत. पुढें १९७८ सालीं मर्सिडीझनें ३०० एसडी ही टर्बो-डिझेल मोटार काढली. तिचें पांच सिलिंडरांचें इंजिन व आमच्या ट्रॅक्सचें चार सिलिंडरांचें इंजिन हीं एकाच कुळांतलीं. श्रीमंतांच्या मोटारीचा धाकटा भाऊ आमच्याकडे शेतकऱ्यांचीं पोतीं वाहत होता!

टाटांची सुमो १९९४ सालीं निघाली. तिचें नांव सुमंत मुळगावकर ह्यांच्या नांवांतील अक्षरांवरून ठेवलेलें आहे. १९९८ सालीं टाटांची सफारी आली. दोहोंचीं इंजिनें दोन लिटरच्या आंतबाहेरचीं व एकाच घराण्यांतलीं. परंतु सुमोच्या पहिल्या इंजिनाची शक्ति सुमारें ६५ अश्वशक्ति, तर सफारीच्या टर्बो इंजिनाची सुमारें ९०. ही बेरीज कोणाहि मिस्त्र्याच्या ध्यानांत येणारच. अपघातांत मोडलेल्या गाड्यांचे टर्बो कुर्ल्याच्या बाजारांतून येऊं लागले, आणि साध्या डिझेल गाड्यांवर ते चढूं लागले. ज्या गाड्यांस टर्बो मूळचाच होता, त्यांचा डिझेल-पंप वाढवून अधिक जोर काढण्याची हौसहि पसरली.

कारखाना जेव्हां एकाद्या इंजिनास टर्बो देतो, तेव्हां तो केवळ टर्बो देत नाहीं. आंतील दाब फार वाढूं नये म्हणून पिस्टनची रचना बदलतो. पिस्टनच्या बुडावर तेलाची धार सोडून तो थंड ठेवतो. रेडिएटर मोठा करतो. दाबलेली हवा तापते, म्हणून कित्येकदां ती थंड करण्यास इंटरकूलर बसवितो. मग क्लच, गिअर व ब्रेक हीं त्या शक्तीस पुरतील कीं नाहीं, हें पाहतो. गॅरेजांत पुष्कळदां ह्यांतील एकच वस्तु येते, ती म्हणजे टर्बो. कारण तीच डोळ्यांना दिसते.

माझा अपराध तो ह्याच ठिकाणचा. माझे मेहुणे, ज्यांना आम्ही दाजी म्हणतों, त्यांची एक जुनी डिझेल जीप होती. तींतून ते भाविकांची ने-आण करीत. २००४ सालीं त्यांच्या मिस्त्र्यानें तिला मोडक्या गाडीचा टर्बो बसविण्याची गोष्ट काढली. दाजींनीं मला विचारलें, कारण मी मास्तर. मीं चार पुस्तकें चाळलीं होतीं. मी म्हणालों, “दाजी, बसवा. हवा जास्त मिळाली तर इंजिनाचं भलंच होईल.”

भलें झालेंहि. तुळजापूरचा घाट पूर्वीं दुसऱ्या गिअरांत चढणारी जीप आतां तिसऱ्यांत चढूं लागली. ओढ वाढली म्हणून दाजींनीं माणसेंहि वाढविलीं. त्याच वर्षीं नवरात्रांत एका संध्याकाळीं सोलापुराकडे उतरतांना आम्ही अकरा जण गाडींत होतों. ज्या गिअरांत चढावें त्याच गिअरांत उतरावें, हा घाटाचा जुना नियम. ड्रायव्हरनें तो पाळला. पण चढणें तिसऱ्यावर आलें होतें, म्हणून उतरणेंहि तिसऱ्यावर आलें. टर्बोचा जोर इंधन जळतांना मिळतो. उतारावर तो गाडीस आंवरीत नाहीं. सारा भार ब्रेकवर पडला. ब्रेकचे ड्रम तापले व पाय दाबूनहि गाडी थांबेना. ड्रायव्हरनें प्रसंगावधान राखून ती डोंगराच्या अंगास घातली. माझा डावा हात मोडला. एका वृद्ध बाईचा पाय कायमचा अधू झाला. गाडीच्या पुस्तकांत फेरबदलाची नोंद नव्हती, म्हणून विम्याचे पैसे मिळाले नाहींत. त्या बाईंच्या उपचारांसाठीं दाजींना दोन एकर जमीन विकावी लागली.

पुढें एका वयस्क मिस्त्र्यानें ती जीप उघडून पाहिली. तापून निळसर पडलेले ड्रम त्यानें मला दाखविले आणि म्हणाला, “गुरुजी, बैलाला दाणा वाढिवला, पर येसण जुनीच ठिवली.” चार पुस्तकांत मला जें सांपडलें नव्हतें, तें त्यानें एका वाक्यांत सांगितलें.

कायद्याचें म्हणणें ह्याहून फारसें निराळें नाहीं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें गाडींतील फेरबदलावर बंधन घातलें आहे. आणि जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, निर्मात्यानें ठरविलेल्या मूळ रचनेस बाधा येईल असा बदल करतां येणार नाहीं. झिजलेल्या इंजिनाच्या जागीं त्याच जातीचें दुसरें घालून त्याची रीतसर नोंद करून घेण्यास मात्र मार्ग आहे. गांवोगांवचे कित्येक कारागीर ह्यावर रागावले. त्यांचा राग मला समजतो. त्यांच्याच हातांनीं हा मुलूख कित्येक वर्षें चालता ठेवला. पण त्या बाईंचें लंगडणें मीं पाहिलें आहे.

आज सफारी व सुमोच्या पहिल्या पिढीच्या गाड्याहि जुन्या झाल्या आहेत, व हौशी तरुण त्या विकत घेऊन नव्यानें सजवितात. त्यांच्यासाठीं माझें सांगणें थोडकें आहे. टर्बो झिजला असेल तर त्याच जातीचा बसवा. तेल वेळेवर बदला. घाट चढून आल्यावर इंजिन क्षणभर मंद चालूं द्या, म्हणजे तापलेल्या दांड्यावरचें तेल जळणार नाहीं. शक्ति वाढविण्याचा मोह झालाच, तर आधीं परिवहन कार्यालयांत विचारा, आणि मग ब्रेक पाहा.

गेल्या वर्षीं मी त्या बाईंच्या घरीं गेलों होतों. बोलतां बोलतां त्यांनीं विचारलें, “गुरुजी, ती जीप अजून आहे का हो?” ती केव्हांच भंगारांत गेली, असें मीं सांगितलें. त्या म्हणाल्या, “चढायला लई चांगली होती.” त्यावर मला कांहीं उत्तर सुचलें नाहीं.