पाठभेदांपासून टक्केवारीपर्यंत

मंडळी, आजचा विषय ऐकायला कोरडा आहे. म्हणून सुरुवात आपल्या गावातूनच करतो. भाईंदरहून उत्तनकडे निघालं की डोंगरीच्या पुढे चौक लागतो. तिथला धारावीचा किल्ला, चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेतला, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. जे ऑनलाइन ऐकताहेत त्यांनी कधीतरी जरूर यावं, वारा छान असतो.

निवृत्तीनंतर काही वर्षं आम्ही एका महाविद्यालयात मानधनावर तास घेत होतो. पदवीच्या शेवटच्या वर्षाला स्थानिक इतिहासाचा प्रकल्प असायचा. एका वर्षी तीन मुलांनी या किल्ल्यावर लिहिलं, आणि तिघांनीही किल्ला उचलून माहीमच्या खाडीकाठी नेऊन ठेवला! मुंबईतल्या धारावीत सायनजवळ एक 'काळा किल्ला' आहे, इंग्रजांनी बांधलेला. त्याच्या शिलालेखावर १७३७ हे साल आणि गव्हर्नर जॉन हॉर्न यांचं नाव आहे. मराठ्यांची वसई मोहीमही १७३७ सालीच सुरू झाली. गावाचं नाव एक, साल एक, तेव्हा गफलत कुणाचीही होईल. पण तिघांची? आणि त्याच क्रमाने?

सॉफ्टवेअरने तिन्ही प्रकल्प दहा टक्क्यांच्या आत दाखवले होते. मुलांनी शब्द फिरवले होते, वाक्यं उलटी केली होती. चूक मात्र फिरवायची राहिली, कारण ती चूक आहे हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

शाळेत पेपर तपासणाऱ्या कुठल्याही बाईंना ही युक्ती माहीत असते. दोन पेपरांत बरोबर उत्तर सारखं आलं तर त्यात काही नाही, चुकीचं उत्तर सारखं आलं की बाकं पाहायची. हाच नियम शास्त्रशुद्ध केला की त्याला पाठचिकित्सा म्हणतात, आणि ती आपल्या महाराष्ट्रात फार वरच्या दर्जाची झाली आहे. साम्य तपासणं म्हणजे काहीतरी परदेशातून आलेलं संगणकी प्रकरण आहे अशी आपली समजूत असते, म्हणून हा इतिहास थोडा सांगायला हवा.

शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ च्या सुमारास, एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या पोथ्या जमवून पाठ शुद्ध केला. तीनशे वर्षांत नकलांमध्ये खूप काही शिरलं होतं. नाथांनी आपल्या संशोधित प्रतीच्या शेवटी बजावून ठेवलं की यात कुणी आपली ओवी घालू नये. आता यातली गंमत बघा. आज आपण भितो ते दुसऱ्याचे शब्द आपल्या नावावर खपवणाऱ्याला. नाथांना धाक होता तो आपले शब्द दुसऱ्याच्या नावावर खपवणाऱ्याचा. दोन्ही अप्रामाणिकच, पण दुसरा प्रकार कुठल्याही यंत्राच्या टक्केवारीत येणार नाही. त्याला पोथीशेजारी पोथी ठेवून बसावंच लागतं.

आणि असं बसणं म्हणजे काय, ते पुण्याच्या भांडारकर संस्थेत पाहावं. १९१७ साली संस्था निघाली, महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं गेलं आणि १९२५ मध्ये विष्णु सीताराम सुकथनकर प्रमुख संपादक झाले. त्यांची पद्धत अशी. चौकटी आखलेला मोठा कागद घ्यायचा. वरच्या ओळीत प्रचलित प्रतीचा श्लोक, एका चौकटीत एक अक्षर. खाली एकेका हस्तलिखितासाठी एकेक ओळ, आणि जिथे अक्षर वेगळं तिथे त्या चौकटीत ते टिपायचं. हे काम करायला उत्तरेकडचे आणि दक्षिणेकडचे शास्त्री आणि पदवीधर माणसं नेमली होती. शारदा लिपी वाचणारा वेगळा, मल्याळम वाचणारा वेगळा. एकट्या आदिपर्वासाठी साठेक हस्तलिखितं अशी अक्षर-अक्षर ताडून पाहिली. आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण छापून झालं. सुकथनकर १९४३ मध्ये गेले, आणि सगळं महाभारत पुरं व्हायला १९६६ उजाडलं.

आता मुद्द्यावर येतो. त्या कागदांवर जेव्हा काश्मीरकडची शारदा प्रत आणि केरळकडची मल्याळम प्रत एकाच शब्दावर जुळायची, तेव्हा संपादकाला आनंद व्हायचा. दोघी इतक्या दूरच्या, एकमेकींकडून उचलण्याचा संभव कमी, म्हणजे हा पाठ जुना, मूळचा असणार. तिथे साम्य हा अस्सलपणाचा पुरावा होता. आज विद्यापीठात तेच साम्य चोरीचा पुरावा मानलं जातं. साम्य तेच आहे, मग अर्थ उलटा कसा झाला? कारण साम्याला स्वतःचा असा अर्थच नसतो. दोन साक्षीदार एकमेकांपासून स्वतंत्र होते की नाही, हे कळल्यावर तो येतो. आणि ते कळायला वाचणारा माणूस लागतो.

आम्ही तत्त्वज्ञानवाले, त्यामुळे जरा आमच्या अंगणातही फिरवून आणतो, कंटाळू नका. सादृश्य म्हणजे काय यावर आपल्याकडे नैयायिक आणि प्रभाकर मीमांसक शतकानुशतकं भांडले आहेत. पण एक गोष्ट उघड होती: दोन वस्तू आधी वेगळ्या असाव्या लागतात, तरच त्या सारख्या म्हणता येतात. आणि अनुमानाचा साधा दंडक असा, की धुरावरून अग्नी ओळखायचा तर अग्नीवाचून धूर कुठेच नसतो, अशी खात्री हवी. चोरीवाचून साम्य कुठे नसतं का? ढीगभर असतं. अवतरणात असतं, व्याख्येत असतं, कायद्याच्या कलमात असतं. तेव्हा साम्य हा हेतू ढिला आहे. नैयायिक त्याला सव्यभिचार म्हणेल आणि पुढे सरकेल.

यंत्र बिचारं याहून जास्त दावा करतच नाही. ते मजकुराचे सलग काही शब्दांचे तुकडे पाडतं, प्रत्येक तुकड्याला आकड्याचं एक ठसं देतं, आणि आपल्या साठ्यातल्या ठशांशी ताडून पाहतं. जुळलं ते रंगवतं. रंगवलेला मजकूर चोरीचा आहे असं कुठेही लिहिलेलं नसतं. ते आपण वाचतो.

आपल्याकडे हे आलं कसं, ते थोडक्यात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये शैक्षणिक सचोटी आणि वाङ्मयचौर्य यांवर नियमावली काढली. २०१९ मध्ये 'शोधशुद्धी' योजनेतून विद्यापीठांना उरकुंड हे सॉफ्टवेअर मिळालं, पुढे त्या जागी ड्रिलबिट आलं. नियमावलीत दहा टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही. दहा ते चाळीस टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत प्रबंध सुधारून द्यायचा, चाळीस ते साठ असेल तर वर्षभर देता येत नाही, साठच्या वर नोंदणीच रद्द. त्याच नियमावलीत हेही आहे की श्रेय देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, सर्वसाधारण संज्ञा, कायदे हे सगळं मोजायचं नाही. पण आकडा सगळ्यांच्या तोंडी झाला आणि हे वाक्य कुणी वाचलंच नाही.

आमच्या एका विद्यार्थिनीचा न्यायदर्शनावरचा प्रबंध होता. अहवाल आला एकतीस टक्के. आम्ही उघडून पाहिला तर रंगलेली बहुतेक सूत्रं आणि ठरीव व्याख्या. तिने त्या समासाच्या आत घेऊन छापल्या होत्या, अवतरणचिन्हं दिली नव्हती, त्यामुळे यंत्राने त्या वगळल्या नाहीत. आम्ही कार्यालयाला पत्र लिहिणार होतो. पण त्याआधीच कुणीतरी तिला सांगितलं, ‘आकडा खाली आण.’ तिने आणला. पंधरा दिवसांनी आमच्या हाती जे आलं, त्यात 'व्याप्ती'चा 'विस्तार' झाला होता आणि 'पक्ष' या शब्दाच्या जागी 'बाजू' आली होती. ज्यांना या शास्त्राची ओळख नाही त्यांच्यासाठी सांगतो, व्याप्ती म्हणजे धूर आणि अग्नी यांचं कधीही न तुटणारं साहचर्य. त्याला विस्तार म्हणणं म्हणजे डॉक्टरने हृदयाला मन म्हणण्यासारखं आहे. आकडा आठवर आला होता आणि प्रबंध वाचण्यालायक राहिला नव्हता. आम्ही तो तिला परत लिहायला लावला. रडली ती. चार वर्षांचं काम होतं.

दुसरी गोष्ट सांगायला आम्हाला लाज वाटते, पण सांगतो. दुसऱ्या एका प्रबंधाचा अहवाल चार टक्के आला आणि आम्ही सही केली. दोन वर्षांनी एक इंग्रजी ग्रंथ चाळताना तिसरं प्रकरण ओळखीचं वाटलं. उदाहरणं तीच, आक्षेपांचा क्रमही तोच. जवळपास ओळीला ओळ भाषांतर होतं. इंग्रजी पानं मराठीत उतरली की शब्दाला शब्द जुळवणाऱ्या यंत्राच्या हाती काही लागत नाही. जुन्या फॉन्टांत टाइप केलेल्या मराठी प्रबंधांची तर वेगळीच तऱ्हा. पडद्यावर मराठी दिसते, पण फाइलच्या पोटात रोमन अक्षरांचा खिचडा असतो, तो कशाशी जुळणार? पण दोष यंत्राचा नव्हता. तो ग्रंथ आम्ही वाचायला हवा होता, विषय आमचा होता. चार हा आकडा पाहून आम्ही वाचायचं थांबलो.

भाषांतर करणं यात पाप नाही. आगरकरांनी १८८३ मध्ये 'विकारविलसित' लिहिलं आणि नावातच सांगून टाकलं की हे शेक्सपिअरच्या हॅम्लेटचं भाषांतर आहे. तेवढं सांगायला एक ओळ पुरते.

मग हे सॉफ्टवेअर नको का? असं आम्ही म्हणत नाही. उलट त्यानंतर आम्ही ते जास्त वापरायला लागलो, फक्त वेळ बदलली. प्रबंध बांधून तयार झाल्यावर दाखल्यासारखा अहवाल काढायचा, ही रीत सोडली. पहिलं प्रकरण हातात आलं की लगेच काढायचा आणि विद्यार्थ्याला शेजारी बसवायचं. रंगवलेली एकेक ओळ उघडायची आणि विचारायचं, ही कुठून आली? बहुतेक वेळा चोर सापडत नाही, टिपणवही सापडते. तीन वर्षांपूर्वी वाचताना एखादं छान वाक्य उतरवून घेतलेलं असतं, अवतरणचिन्ह द्यायचं राहिलेलं असतं, आणि आज पोरगा शपथेवर सांगतो की हे माझंच आहे. खोटं बोलत नसतो तो. आमच्या स्वतःच्या जुन्या वह्यांत अशी वाक्यं सापडली, तेव्हा आम्हीही बराच वेळ गप्प बसलो होतो. तेव्हापासून दुसऱ्याचं वाक्य लाल शाईने आणि पानाच्या आकड्यासकट, हा नियम आम्ही घालून दिला. काहींनी पाळला.

हो, त्या तीन मुलांचं राहिलंच. आम्ही त्यांना शिक्षा केली नाही, चौकला जाऊन या म्हणालो. दोघे गेले नाहीत. एक गेला, दोनदा गेला, बुरुजाचं हाताने चित्र काढून आणलं, आणि मग वाचनालयात बसून सरदेसायांनी संपादलेल्या पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांमधून वसई मोहिमेची पत्रं उतरवून घेतली, प्रत्येक पत्राखाली खंड आणि पान लिहून. त्याचा नवा अहवाल आला एकोणीस टक्के, कारण सगळी पत्रं रंगली होती. कार्यालयातून विचारणा आली की आधी दहाच्या आत असलेला प्रकल्प एकोणीसवर कसा गेला. आम्ही अहवालाची प्रत काढली, रंगलेल्या प्रत्येक उताऱ्यासमोर पेन्सिलीने पत्राचा क्रमांक लिहिला, आणि ती प्रकल्पाला टाचून पाठवून दिली. वर्गातले सगळ्यात जास्त गुण त्याला दिले.

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.