रत्नागिरीतील एक उपाहारगृह

ज्या काळी पाणक्यापासून वाढप्यापर्यंत प्रत्येक नोकराची जात हीच त्याची पहिली सनद मानली जाई, त्या काळी, जिल्ह्याबाहेर जाण्यास सरकारची मनाई असलेल्या विनायक दामोदर सावरकरांच्या पुढाकाराने, १ मे १९३३ रोजी रत्नागिरीत अखिल हिंदू उपाहारगृह उघडले, आणि तेथे चहा-फराळ देण्याच्या कामी महार समाजातील माणूस नेमण्यात आला. भागोजीशेठ कीरांच्या द्रव्यसाहाय्याने उभारलेल्या पतितपावन मंदिरात १९३१ पासून सर्वांस एकत्र दर्शन घडत होतेच. परंतु शेजारी उभे राहून देवास हात जोडणे निराळे आणि त्याच शेजाऱ्याच्या हातचा पेला ओठांस लावणे निराळे, किंबहुना माझ्या मते अधिक दुष्कर. सावरकरांच्या भेटीस येणाऱ्याने प्रथम तेथला चहा घ्यावा, असा दंडक होता म्हणतात.