वाकलेल्या झोतांची साक्ष

पोथीतील अपपाठ पाठचिकित्सकाच्या लेखी निव्वळ दोष नसतो. ती पोथी कोणकोणत्या हातांतून गेली, याची साक्ष तो देत असतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खगोलशास्त्रानेही अशीच एक विकृती पुरावा म्हणून वाचली. त्या वाचनाचा इतिहास साहित्याच्या अभ्यासकालाही उद्बोधक वाटावा.

काही दीर्घिकांच्या केंद्रस्थानी असलेल्या महाकाय कृष्णविवराजवळून द्रव्याचे दोन झोत परस्परविरुद्ध दिशांना निघतात आणि रेडिओ लहरींत दिसतात. या झाल्या रेडिओ दीर्घिका. १९६८ साली केंब्रिजच्या मार्टिन राइल आणि विंड्रम यांनी ययाती तारकासमूहातील दीर्घिकागुच्छाचे निरीक्षण प्रसिद्ध केले. त्यातील एनजीसी १२६५ आणि आयसी ३१० या दीर्घिकांना लांब शेपट्या होत्या. आणि त्या गुच्छातील प्रबळ दीर्घिकेपासून, एनजीसी १२७५ पासून, दूर वळलेल्या भासत होत्या. तेव्हा या प्रबळ दीर्घिकेतून निघणारे काहीतरी शेजारणींवर आघात करत असावे, असे अनुमान निघाले. प्रत्येक वळणामागे एखाद्या थोरल्याचा प्रभाव शोधणाऱ्या समीक्षेला ही रीत परिचित आहे.

१९७२ साली जॉर्ज मायली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेदरलँड्समधील वेस्टरबोर्क येथील दुर्बिणीच्या आधारे निराळा अर्थ लावला. वारा नसलेल्या रात्री मशाल घेऊन धावणाऱ्याची ज्योत मागे झुकते, तसेच येथे घडते. दीर्घिका स्वतःच गुच्छातील विरळ वायूमधून धावत असते आणि शेपटी तिने आक्रमिलेला मार्ग दाखवते. एनजीसी १२६५चा गुच्छाच्या तुलनेतील वेग सेकंदाला दोन हजार किलोमीटरांहून अधिक आहे. हा कोट्यवधी अंश तापमानाचा वायू साध्या दुर्बिणीला दिसत नाही. परंतु १९७० साली सोडलेल्या ‘उहुरू’ उपग्रहाला गुच्छांमधून पसरट क्ष-किरण येताना आढळले आणि १९७६ साली ययातीच्या गुच्छात तप्त लोहाची खूणही सापडली. संहितेबाहेरचा पुरावा असा संहितेशी जुळला.

मग तर्क उलटा फिरवता आला. वायूमुळे झोत वाकत असतील, तर वाकलेला झोत दिसेल तेथे गुच्छ शोधावा. जॉर्ज एबेल यांनी १९५८ साली छायाचित्रांच्या काचा डोळ्यांनी तपासून २,७१२ गुच्छांची सूची केली होती. त्या पद्धतीत दूरचे गुच्छ अंधुक होत जातात आणि वेगवेगळ्या अंतरांवरील दीर्घिका एकत्र असल्याचा भास होतो. २००० साली एलिझाबेथ ब्लँटन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील ‘फर्स्ट’ या रेडिओ सर्वेक्षणातून दहा वाकलेल्या दीर्घिका निवडल्या. त्यांपैकी आठांभोवती तोवर अज्ञात असलेले गुच्छ सापडले. पुणे जिल्ह्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग दुर्बिणीच्या निरीक्षणांतही अशा दीर्घिका अनपेक्षितपणे हाती लागल्या. त्यांवरील जाचिन्तुच्ची व व्हेंतुरी यांचा निबंध २००९ साली प्रसिद्ध झाला.

उरलेल्या दोहोंचे काय? त्यांचे गुच्छ आणखी दूर असू शकतील, एवढेच तेव्हा म्हणता आले. झोत दीर्घिकांच्या लहान समूहांतही वाकतात. म्हणून वाकणे हा संकेत ठरतो. निर्णयासाठी भोवतालच्या दीर्घिकांची अंतरे मोजावीच लागतात. १९६८ची निरीक्षणे आजही ग्राह्य आहेत. बदलला तो त्यांचा अन्वय. विकृतीवरून संदर्भाकडे जाता येते, मात्र तो संदर्भ स्वतंत्रपणे सिद्ध करण्याचे कष्ट टळत नाहीत.