दावोसची पायवाट

स्वित्झर्लंडमधील दावोस हे गाव आज जागतिक आर्थिक मंचाच्या बैठकींमुळे सर्वांना ठाऊक आहे. साहित्याच्या अभ्यासकाला मात्र ते निराळ्या कारणाने जवळचे वाटते. तेथे वाल्डहोटेलपासून शात्साल्पपर्यंत चढत जाणाऱ्या पायवाटेला टॉमस मान यांचे नाव दिलेले आहे. हा लेखकाचा सन्मान खरा. परंतु त्यामागे एक विसंगतीही आहे, आणि आम्हांला ती अधिक विचारणीय वाटते.

सुमारे १५६० मीटर उंचीवरचे हे गाव प्रसिद्धीस आले ते क्षयरोगामुळे. १८४८-४९च्या जर्मन क्रांतीनंतर परागंदा झालेले अलेक्झांडर श्पेंग्लर १८५३ साली येथे वैद्य म्हणून आले आणि ह्या हवेच्या गुणाचा पुरस्कार त्यांनी केला. 'हवापालट' हा शब्द आणि पाचगणीची आरोग्यधामे मराठी वाचकाला परिचित आहेत. त्यामुळे ही श्रद्धा त्याला परकी वाटू नये. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन ह्यांनी १८८०-८१ आणि १८८१-८२चे हिवाळे येथे काढले. 'ट्रेझर आयलंड' येथेच पुरी झाली.

१९१२च्या उन्हाळ्याच्या तोंडावर मान येथे आले ते पत्नी काट्या ह्यांना भेटण्यासाठी. वाल्ड आरोग्यधामात त्यांच्यावर उपचार चालू होते. मान ह्यांचा मुक्काम तीन आठवड्यांचा. तेवढ्यात त्यांना पडसे झाले, आणि तेथील मुख्य डॉक्टरांनी छाती तपासून सहा महिने राहण्याचा सल्ला दिला. तो न मानता ते परतले. त्यांच्या कादंबरीचा नायक हान्स कास्टोर्प मात्र तीन आठवड्यांसाठी येतो आणि सात वर्षे राहतो. एका छोट्या विनोदी कथेची कल्पना महायुद्ध ओलांडून १९२४ साली 'डेअर त्साउबरबेर्ग' ह्या महाकादंबरीच्या रूपाने प्रकट झाली.

दावोसला ती मुळीच रुचली नाही. रुग्णांच्या आजारपणावर उपजीविका करणारी संस्था, मरणाशी सलगी करणारे ऐषारामी जीवन – हे चित्र गावाला बदनामीचे वाटले. पुढे स्ट्रेप्टोमायसिनसारखी औषधे आली, आरोग्यधामांची हॉटेले झाली. आणि ज्या पुस्तकाने गावाला दुखावले होते त्याच पुस्तकाच्या नावाने प्रवासी येऊ लागले. रोग गेला म्हणूनच कादंबरी गावाला आपली म्हणता आली, असे म्हणावे लागते.

ही वाट जेथे संपते ते शात्साल्प कादंबरीत येते, तेही एका भयंकर तपशिलासह: हिवाळ्यात तेथील मृतदेह बर्फावरच्या घसरगाडीने खाली आणले जातात. शिवाय ह्या कादंबरीतील मुख्य क्रिया चालणे नव्हे, तर सज्जात कांबळी पांघरून निश्चल पडून राहणे ही आहे. निरोगी पायांनी चढणाऱ्या प्रवाशाला स्थळ भेटते. तेथील गोठलेला काळ भेटण्यासाठी पुस्तकाकडेच वळावे लागते.

आणि तो काळ १९१४च्या रणांगणावर संपला असे कादंबरीपुरतेच म्हणता येईल. स्वित्झर्लंडमधील नाझी संघटनेचा प्रमुख विल्हेल्म गुस्टलोफ हा दावोसचाच रहिवासी; तोही फुप्फुसांच्या व्याधीमुळेच येथे आला होता. ४ फेब्रुवारी १९३६ रोजी डाव्हिड फ्रांकफुर्टर ह्या ज्यू विद्यार्थ्याने येथे त्याचा वध केला. आदल्याच दिवशी, ३ फेब्रुवारीला, झुरिचच्या वृत्तपत्रात मान ह्यांचे अनावृत पत्र छापून आले होते. त्यात त्यांनी परागंदा जर्मन लेखकांच्या बाजूने उघडपणे उभे राहत नाझी राजवटीशी संबंध तोडला. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांचे जर्मन नागरिकत्व काढून घेण्यात आले.

कादंबरीने रोगनिदान केले होते ते केवळ फुप्फुसांचे नव्हते, युरोपच्या मनाचे होते. त्या निदानाची सत्यता ह्याच गावाने पाहिली. म्हणून वाङ्मयीन पायवाटेवरून चालणाऱ्याने लेखक कोठे राहिला एवढेच विचारून थांबू नये. त्याचे म्हणणे त्या गावाला का सोसले नाही, हेही विचारावे. हा प्रश्न बरोबर असेल तरच ती वाट साहित्याकडे जाते. एरवी ती डोंगरातली एक रम्य वाट.