खिडकीला काच बसवली की खोली का अंधारते?

थ्रेड. संगणकावर आपले घर सजवून पाहणाऱ्या अनेकांना एक कोडे पडते. खोली आखली, भिंतींना रंग दिला, खिडकीबाहेर दुपारचा सूर्य ठेवला आणि चित्र काढायला सांगितले, तर खोली उजेडाने भरून जाते. मग खिडकीच्या चौकटीत काच बसवली आणि तेच चित्र पुन्हा काढले, तर आत तिन्हीसांज! काच पारदर्शक असल्याचे सॉफ्टवेअरला सांगितलेले असते. काचेपलीकडचे झाड स्वच्छ दिसतही असते. ऊन मात्र आत येत नाही. असे का होते, ते समजून घ्यायला १९८० पर्यंत मागे जावे लागेल. त्याआधी ओझरते १५२५ मध्ये जाऊ.

त्या वर्षी जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररने भूमितीवरचे एक पुस्तक छापले. त्यात एक लाकूडठसा आहे. दोन माणसे एका तंतुवाद्याचे चित्र काढत आहेत. भिंतीतल्या खिळ्यावरून एक दोरा सुटतो, मधल्या उभ्या चौकटीतून जातो आणि वाद्यावरच्या एका बिंदूला टेकतो. दोरा चौकटीला जिथे छेदतो, तिथे कागदावर ठिपका द्यायचा. खिळा म्हणजे डोळा आणि दोरा म्हणजे दृष्टीचा किरण. प्रकाश वस्तूकडून डोळ्याकडे येतो, हे खरे. पण चित्र काढायचे तर उलट्या दिशेने, डोळ्याकडून वस्तूकडे जाणे सोयीचे, कारण डोळ्यापर्यंत न पोहोचणाऱ्या असंख्य किरणांचा हिशेब त्यामुळे वाचतो.

संगणकाने हाच दोरा उचलला. १९६८ मध्ये आयबीएमच्या आर्थर ॲपेलने डोळ्यापासून किरण सोडून वस्तू आणि त्यांच्या सावल्या काढून दाखवल्या. पुढची मोठी झेप बेल प्रयोगशाळेतल्या टर्नर व्हिटेडची. त्याचा निबंध जून १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची कल्पना अशी : किरण वस्तूवर आदळला की थांबवायचा नाही. चकाकत्या पृष्ठावरून तो परावर्तित करायचा, काचेत शिरत असेल तर वाकवायचा आणि त्या प्रत्येक फांदीला पुढे फांद्या फुटू द्यायच्या. चौकटीच्या फरशीवर तरंगणारे दोन चकचकीत गोळे, हे त्याचे चित्र आजही या क्षेत्राच्या प्रत्येक इतिहासात भेटते. ६४० गुणिले ४८० ठिपक्यांच्या त्या चित्राला तेव्हाच्या व्हॅक्स संगणकावर ७४ मिनिटे लागली.

किरण काचेत किती वाकतो, याचे गणित मात्र फार जुने. शाळेत आपण ते स्नेलच्या नावाने शिकलो. स्नेलचे वर्ष १६२१. पण बगदादच्या इब्न साहलने ते भूमितीच्या भाषेत इसवी सन ९८४ च्या सुमारास मांडले होते. पाठ्यपुस्तकांनी त्याच्यासाठी एक ओळ राखायला हरकत नव्हती.

आता कोड्याकडे वळू. व्हिटेडच्या पद्धतीत किरण एखाद्या जमिनीवर पोहोचला की प्रश्न उरतो : इथे ऊन आहे की सावली? त्यासाठी त्या जागेवरून थेट दिव्याकडे किंवा सूर्याकडे एक चौकशीचा किरण पाठवतात. वाटेत काही आडवे आले तर सावली, न आले तर ऊन. हा किरण सरळच जातो. त्याला वाकता येत नाही, कारण वाकल्यावर तो नेमका सूर्याकडेच जाईल याची खात्री नसते. त्यामुळे वाटेत काच आली की शिस्तबद्ध कारकुनासारखे सॉफ्टवेअर नोंद करते : ‘अडथळा आहे.’ डोळ्याच्या किरणाला तीच काच पारदर्शक असते आणि चौकशीच्या किरणाला ती भिंत होते. झाड दिसते आणि ऊन येत नाही, ते यामुळे.

यावर उपाय निघाले, पण त्याआधी या क्षेत्राला दुसराच प्रश्न भेडसावत होता. व्हिटेडच्या चित्रांत काच सुरेख होती; भिंती मात्र मेलेल्या होत्या. खऱ्या खोलीत कोपऱ्यापर्यंत जो उजेड पोहोचतो, तो बहुतांशी भिंतींनी एकमेकींना दिलेला असतो. लाल पडद्याशेजारचे छत किंचित लालसर दिसते, ते त्यामुळेच. हा देवघेवीचा हिशेब आधीच कुणाकडे होता? भट्ट्यांमधली उष्णता मोजणाऱ्या अभियंत्यांकडे. तापलेल्या दोन पृष्ठांमध्ये किती उष्णता जाते-येते, याची समीकरणे त्यांनी केव्हाच बांधली होती. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात डोनाल्ड ग्रीनबर्ग वास्तुरचना शिकवत, तर केनेथ टॉरन्स यंत्र अभियंता. १९८४ मध्ये सिंडी गोरल, टॉरन्स, ग्रीनबर्ग आणि बेनेट बॅटेल यांनी उष्णतेची ती समीकरणे उजेडाला लावली. पद्धतीचे नाव रेडिओसिटी. जपानमध्ये निशिता आणि नाकामाए याच दिशेने चालले होते. त्यांचे काम १९८५ मध्ये पुढे आले.

कॉर्नेलच्या मंडळींनी यानंतर जे केले, ते मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत सुंदर प्रकरण वाटते. त्यांनी ती खोली प्रत्यक्ष बांधली. खेळण्याएवढी, समोरून उघडी. एक भिंत लाल, समोरची वेगळ्या रंगाची (आज सर्वत्र दिसणाऱ्या आवृत्तीत ती हिरवी असते), वर दिवा. मग एकीकडे खरी पेटी आणि दुसरीकडे पडद्यावरचे गणिती चित्र, अशी दोन्ही दृश्ये कॅमेऱ्यांच्या काचांवर शेजारी-शेजारी पाडली आणि लोकांना विचारले : यातले खरे कोणते? १९८६ मध्ये निकाल छापला गेला. लोकांची उत्तरे नाणेफेकीपेक्षा सरस नव्हती. ‘चित्र छान दिसते’ म्हणून ही मंडळी थांबली नाहीत. ‘चित्र खरे आहे का’ हा प्रश्न त्यांनी प्रयोगाला लावला.

पण त्या पेटीत एक वस्तू नव्हती, काच. रेडिओसिटीचा सारा हिशेब प्रकाश सर्व दिशांना सारखा विखुरणाऱ्या, चुना दिलेल्या भिंतीसारख्या पृष्ठांवर उभा होता. आरसा आणि काच त्यात बसत नव्हते. म्हणजे १९८५ च्या सुमारास स्थिती अशी : एका पद्धतीत काच उत्तम पण भिंती निर्जीव, दुसरीत भिंती जिवंत पण काचेला प्रवेश नाही. घराला तर दोन्ही लागतात!

जेम्स काजियाने १९८६ मध्ये दोन्ही पद्धती एका समीकरणाच्या पोटात घातल्या. समीकरण मोठे, पण त्याचा आशय एका वाक्यात सांगता येतो : एखाद्या जागेवरून डोळ्याकडे येणारा उजेड म्हणजे त्या जागेचा स्वतःचा उजेड, अधिक सर्व दिशांनी तिच्यावर येऊन तिथून उसळलेला उजेड. ते नेमके सोडवता येत नाही. म्हणून काजियाने किरणांना यदृच्छेने भटकू द्यायचे आणि हजारो भटकंत्यांची सरासरी घ्यायची, असा मार्ग सुचवला. भटकंत्या थोड्या झाल्या की चित्रावर रवाळ ठिपके पसरतात. घर सजवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र आधी वाळूतून पाहिल्यासारखे दिसते आणि हळूहळू निवळते, ते याच भटकंतीमुळे.

काच इथेही अडून बसली. सूर्य आकाशात अगदी चिमुकला. भिंतीवरून सुटलेला भटका किरण पेल्यात शिरून, वाकून, बाहेर पडून नेमका सूर्यावर जाईल, ही शक्यता नगण्य. पाण्याच्या पेल्यामागे टेबलावर उजेडाची जी थरथरती नक्षी पडते, ती या पद्धतीत जवळजवळ कधीच उमटत नाही. डेन्मार्कच्या हेन्रिक वान येन्सनने १९९० च्या दशकाच्या मध्यास वाट उलटवली. त्याने आधी दिव्याकडून प्रकाशाचे कण सोडले, ते काचेतून जाऊन जिथे पडतील तिथे त्यांची नोंद ठेवली आणि मगच डोळ्याकडून किरण सोडले. त्याच्या चित्रातल्या कोन्याकच्या पेल्याखाली ती सोनेरी नक्षी अवतरली.

खिडकीसाठी मात्र एवढा खटाटोप लागत नाही, आणि हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला हसू आले. पेल्याची काच वक्र, खिडकीची सपाट. सपाट काचेत किरण शिरताना वाकतो आणि बाहेर पडताना तितकाच उलट वाकतो. दिशा तीच राहते, किरण फक्त तसूभर सरकतो. मग ‘पातळ काच’ नावाचा वेगळा पदार्थ मानायचा : जी वाकवत नाही, फक्त थोडा उजेड अडवते. समोरून पाहिले तर काचेचे प्रत्येक पृष्ठ साधारण ४ टक्के प्रकाश परत फिरवते, दोन पृष्ठे मिळून ८. तिरके पाहू तसे हे प्रमाण चढत जाते. हा हिशेब फ्रेनेलचा, १८२० च्या दशकातला. रात्री दिवे लागल्यावर खिडकीत आपलेच तोंड दिसते तेही याच ८ टक्क्यांमुळे. दिवसा बाहेरच्या उजेडापुढे ते हरवतात, इतकेच. तेव्हा तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये खोली अंधारली तर काचेच्या गुणधर्मांत ‘पातळ’ किंवा ‘सावली न पाडणारी’ असा पर्याय शोधा. बहुधा तो सापडतो.

ही युक्ती चोख वापरणारे सॉफ्टवेअर म्हणजे रेडिअन्स. ग्रेग वॉर्डने बर्कली इथल्या प्रयोगशाळेत १९८५ मध्ये त्याचे काम सुरू केले. त्याला देखणी चित्रे काढायची नव्हती. अमुक टेबलावर दुपारी किती उजेड पडेल, दिवा लावावा लागेल का, हे त्याला मोजायचे होते. १९९५ मध्ये जॉन मार्डलेविचने खऱ्या आकाशाखालच्या खऱ्या खोलीतली मोजमापे रेडिअन्सच्या आकड्यांशी ताडून त्यांचा मेळ दाखवला. कॉर्नेलच्या पेटीची परंपरा इथे पुढे चालली.

दुसरी वाट बाजाराची. बल्गेरियातल्या सोफिया शहरात जन्मलेले व्ही-रे २००२ मध्ये आले आणि वास्तुरचनेच्या चित्रांत पसरले. आयकियाने २००६ मध्ये एका लाकडी खुर्चीपासून सुरुवात केली आणि २०१४ पर्यंत तिच्या उत्पादनांच्या चित्रांपैकी सुमारे ७५ टक्के संगणकावर घडू लागली होती. अलीकडे तर भटकंत्या थोड्याच करायच्या आणि उरलेले रवाळ ठिपके शिकवून तयार केलेल्या यंत्रणेने अंदाजाने पुसायचे, अशी रीत पडली आहे. चित्र काही सेकंदांत निवळते. त्यातला किती उजेड मोजलेला आणि किती अंदाजाचा, हे पाहणाऱ्याला कळत नाही.

खुर्चीच्या बाबतीत हे चालून जाते. न बांधलेल्या घराच्या बाबतीत माणसे त्या चित्रावर आयुष्याची पुंजी लावतात. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १२ नुसार जाहिरातीतल्या किंवा नमुना सदनिकेतल्या खोट्या विधानामुळे नुकसान झालेल्या ग्राहकाला भरपाई मागता येते. पण फरशीवर पडलेला उन्हाचा चौकोन हे ‘विधान’ आहे का? माझ्या मते आहे. चौरस फुटांइतकेच ते खरे-खोटे ठरवता येते.

ठरवायला फार काही लागत नाही. फ्रान्समध्ये २००६ पासून घडत असलेल्या स्वीट होम थ्रीडी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये नकाशावर एक होकायंत्र असते. त्यात उत्तर दिशा आणि ठिकाण, आणि चित्र काढताना तारीख व वेळ भरली की सूर्य आपल्या जागी जातो. माहितीपत्रकात उन्हाने न्हालेली दिसणारी दिवाणखान्याची खिडकी नकाशात उत्तरेला असेल, तर गाव मुंबई आणि तारीख २१ डिसेंबर भरून पाहा. त्या दिवशी सूर्य उगवतो आग्नेयेकडे झुकून आणि मावळतो नैर्ऋत्येकडे झुकून. उत्तरेच्या खिडकीत थेट ऊन दिवसभर एकदाही येत नाही, काच बसवा किंवा काढा.